चुकून लागला

आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत अकरा नियम लावलेले आहेत. नवा माणूस ते वाचतो आणि हसतो. त्याला वाटतं, इथे मोठी माणसं येत नसून बालवाडी भरते. ‘डाव चालू असताना गुणगुणू नये.’ ‘दुसऱ्याच्या पटाजवळ उभं राहून च् च् करू नये.’ ‘मारलेल्या सोंगट्या हातात घेऊन वाजवू नयेत.’ त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं, की अकरापैकी नऊ नियम एकाच माणसामुळे झालेले आहेत, आणि त्याच माणसाने ती चौकट करून, काच बसवून, स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकली आहे. नऊ नियम होईपर्यंत आमच्याही नाकी नऊ आले होते, ते वेगळंच.

या माणसाचं टोपणनाव भिंगरी. पाठीमागे सगळेच भिंगरी म्हणतात, तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या मास्तरांची. मी दहा वर्षांनी लहान, म्हणून भाऊ म्हणतो. भाऊंचं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं चष्म्याचं. मध्ये एक वीतभर जाडीची भिंत. त्या भिंतीतून पंचवीस वर्षं मी त्यांची हातोडी ऐकतो आहे. एका खिळ्याला तीन ठोके, चौथा कधीच नाही. दुकानात स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. भाऊ करवत चालवणार उभ्याने, जेवणार उभ्याने, बिल लिहिणार तेही भिंतीला कागद लावून. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करणार, मग बसणार, म्हणजे बसलेच तर. त्यांना मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या सगळ्या तसबिरी त्यांनी दोन दोनदा सरळ केल्या होत्या. नर्सने बाळ आणून दाखवलं तेव्हा हे स्टुलावर चढलेले.

असा माणूस बुद्धिबळाच्या नादाला का लागला, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. एका जागी दोन तास बसायचं, तोंड मिटायचं आणि हात आवरायचा, तिन्ही गोष्टी त्यांच्या पत्रिकेतच नव्हत्या. पण रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला वाचनालयाच्या वरच्या खोलीत पहिले हजर तेच. चाल खेळली की उठायचे. एकदा मास्तरांनी मोजलं, तर एका डावात एक्केचाळीस वेळा उठले होते. तो झाला नियम तीन. गुणगुणायचे ती चाल एकच, आणि नेमकी मधेच तुटायची. समोरचा माणूस वजीर वाचवायचा सोडून मनातल्या मनात ते गाणं पुरं करत बसायचा. दुसऱ्याच्या पटापाशी जाऊन ‘च्’ करायचे, की तो खेळणारा आपलं काय चुकलं ते शोधायला लागायचा आणि त्याला ते सापडायचंसुद्धा. मारलेली प्यादी मुठीत घेऊन खुळखुळ वाजवायचे, तो नियम चार. जाता जाता कुणाच्याही पटावरचा वाकडा घोडा घराच्या बरोबर मध्यभागी आणून ठेवायचे. त्यावर नियम आला, की सोंगटी सरळ करायची तर आपल्याच पाळीला, आणि आधी ‘नीट करतो’ असं मोठ्याने म्हणून.

नियम नऊची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं.

भाऊंचा हात सदा पटावर भिरभिरत असायचा. घोड्याला बोट लागायचं, मग विचार बदलायचा, मग उंट उचलायचे. विचारलं तर म्हणायचे, “चुकून लागला.” एकदा मास्तरांबरोबरच्या डावात ते सात वेळा चुकून लागलं. मास्तर म्हणजे आमचे कायमचे पंच. भूगोलाचे शिक्षक, आता निवृत्त, आवाज कधी चढला नाही असा माणूस. त्या दिवशी मास्तर उठले, फळ्यापाशी गेले आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘हात लागलेली सोंगटी खेळलीच पाहिजे. चुकून लागला ही सबब चालणार नाही.’ बाहेरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये खरोखर चुकून धक्का लागला तर पंच सोडून देतात. आमच्याकडे तेवढीही सवलत नाही. भाऊ दोन रविवार रुसून घरी बसले. तिसऱ्या रविवारी आले ते सगळे नियम मास्तरांकडून जाड कागदावर लिहून घ्यायला. त्याच आठवड्यात चौकट तयार झाली. “नियम करायचा तर तो नीट दिसला पाहिजे,” म्हणाले.

अशी वीस वर्षं गेली. आणि मग मागच्या वर्षी भाऊ शांत झाले.

एकदम नाही, हळूहळू. आधी गुणगुणणं थांबलं. मग उठणं. पटासमोर येऊन बसायचे ते डाव संपेपर्यंत हलायचे नाहीत. डाव्या हाताने चाल खेळायचे. आमच्याकडे डावाच्या आधी आणि नंतर हात मिळवायचा नियम आहे, तोही डावाच पुढे करायचे. उजव्या अंगठ्यावर हातोडी बसली म्हणाले, आम्ही हसलो आणि विषय संपला. भिंतीतून ऐकू येणारी हातोडीसुद्धा बदलली. तीनच्या ठिकाणी पाच-सहा ठोके, हलके. मला वाटलं, चला, वयाप्रमाणे सबुरी आली. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावणारा मी, मला वरचं मोठं अक्षर दिसत नव्हतं.

याच्याही पुढची गोष्ट सांगताना मला अजून जागेवर बसवत नाही. आमच्या मंडळात दरवर्षी चांगल्या वागणुकीसाठी एक पितळी पेला देतात. मास्तर त्याला सौजन्याचा पेला म्हणतात. मी सचिव. त्या वर्षी पेला भाऊंना द्यावा, ही सूचना माझी. भाषणही मीच ठोकलं. “नियम क्रमांक एक ते नऊ आजपासून बेकार झाले आहेत,” असं म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. भाऊंनी पेला डाव्या हाताने घेतला. उजवा खिशात होता. एरवी त्यांना बोलायला उभं केलं की कुणीतरी मागून सदरा ओढावा लागायचा. त्या दिवशी फक्त “आभारी आहे” म्हणाले आणि बसले. त्याबद्दल आम्ही आणखी टाळ्या वाजवल्या.

महिनाभराने त्यांच्या चष्म्याची दांडी बसवून मी तो द्यायला गेलो. वहिनी दुकानात नव्हत्या. भाऊ टेबलापाशी उभे होते. समोर एक फ्रेम होती, कोपरे न जुळलेली. उजव्या हातात हातोडी, आणि हात असा हलत होता की हातोडी खिळ्याच्या आसपास सगळीकडे पडत होती, खिळा सोडून. शेजारी तो सौजन्याचा पेला. त्यात बारीक खिळे भरलेले. त्यांच्या धंद्यात या खिळ्यांना चुका म्हणतात.

मला पाहून त्यांनी हातोडी ठेवली नाही. लपवायचा कंटाळा आला असावा.

“दार लोट,” म्हणाले.

“कधीपासून, भाऊ?”

“मागच्या उन्हाळ्यापासून. डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत. हात कधी ऐकतो, कधी त्याच्या मनाला येईल ते करतो. ठोकायचं काम तुझी वहिनी करते. तुला ऐकू येत असेल की.”

ते पाच-सहा हलके ठोके वहिनींचे होते.

“आणि रविवारी? तुम्ही तर इतके शांत...”

“हातावर बसायचो. मांडीखाली दाबून. सगळा जीव त्या हाताकडे, मग गुणगुणणार कोण आणि उठणार कोण? उठलो की तो सुटलाच.” त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला, तशा आतल्या चुका वाजल्या. “हा परत घेऊन जा हवं तर. मी शांत नव्हतो रे. घाबरलो होतो.”

मला माझंच भाषण शब्दन् शब्द आठवत होतं.

“आता डावाही त्याचं बघून शिकायला लागलाय,” ते म्हणाले. “म्हणून एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी डाव हाताने घालवीन, त्या दिवशी पट बंद. कपाटावर ठेवून देईन, परत काढणार नाही. डोक्याने हरायला माझी काही ना नाही. पस्तीस वर्षं हरतोच आहे.”

परतताना वहिनी रस्त्यात भेटल्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “बाकी काही नको, त्यांचा रविवार तेवढा जाऊ देऊ नका. सहा दिवस ते त्या रविवारावर काढतात.”

त्यानंतर माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि माझे कान भिंतीला. वार्षिक मैत्री स्पर्धा तोंडावर आली होती. मी मास्तरांना सगळं सांगितलं, कार्यकारिणी बोलावली आणि नियम नऊमधला ‘चुकून’चा भाग काढून टाकावा असं सुचवलं. ते नाही तर भाऊंनी चाल तोंडाने सांगावी आणि समोरच्याने सोंगटी हलवावी. मोठमोठ्या स्पर्धांत अशी सोय असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊ मागच्या खुर्चीवर होते, ते उठले.

“म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही खेळायचं? मग मी घरून फोनच करत जाईन की!” त्यांचा आवाज चढला, आणि आता हात खिशात नव्हता, सगळ्यांसमोर हलत होता. “नऊ नियम माझ्या खोड्यांमुळे झाले. ते मी मान्य केले, चौकटीत बसवले. आता माझी कीव आली म्हणून त्यातला एक खोडणार? ती काच मी बसवली आहे. खोडायचं असेल तर आधी काच फोडा.”

काच फोडायला कोण उठणार! मास्तर म्हणाले, “ठीक आहे, नियम आहे तसा राहील.” मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. हे दोन म्हातारे एका ओळीसाठी अडून बसले होते, आणि वहिनींना काय सांगायचं ते मला एकट्याला ठरवायचं होतं.

स्पर्धेच्या पहिल्या पाच डावांत भाऊंनी दोन जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, एक हरले. तो डोक्याने हरले, असं स्वतःच जाहीर केलं. हात भलतीकडे जायला लागला की ते तो मागे घ्यायचे, छातीशी धरायचे, थांबायचे आणि पुन्हा न्यायचे. घड्याळ पळत असायचं. बघणाऱ्याचा जीव टांगणीला. सहावा आणि शेवटचा डाव लागला तो माझ्याशी.

पटाशी बसताना त्यांनी डावा हात पुढे केला. “उजवा शेवटी देतो,” म्हणाले.

त्या दिवशी माझीच भिंगरी झाली होती. चाल खेळलो की उठत होतो, पाणी पीत होतो, पाय हलवत होतो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा भाऊ पटावरची नजर न काढता पुटपुटले, “नियम तीन.” मी गपचूप बसलो.

डाव त्यांचा होता. पंचविसाव्या चालीपर्यंत त्यांनी माझा राजा कोपऱ्यात कोंडला होता. त्यांचा हत्ती शेवटच्या ओळीत गेला की शह, आणि त्यानंतर मला सुटका नव्हती. त्यांच्या राजासमोर त्यांचाच एक उंट उभा होता. तो तिथून हलला, तर माझ्या वजिराला वाट मोकळी. पण तो कशाला हलवतील? मी हरलो होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

भाऊंनी हत्तीकडे डावा हात नेला. मागे घेतला. छातीशी धरला. पुन्हा नेला. हत्तीच्या घरापर्यंत पोहोचला असेल नसेल, तेवढ्यात हाताने हिसका दिला आणि शेजारचा तोच उंट आडवा झाला. तो गडगडत पटाच्या कडेपर्यंत गेला. खोलीतले सगळे पट थांबले.

पूर्वी सात वेळा म्हटलेले ते दोन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. मग मीच बोललो.

“भाऊ, उंट जागेवर ठेवा आणि खेळा. ‘नीट करतो’ म्हणालात की तुम्ही.”

“नाही म्हणालो.”

“म्हणालात. मी ऐकलं.”

मास्तर तोवर पटाशी आले होते. काय झालं ते त्यांनी आडव्या उंटावरून ओळखलं, आणि मी काय म्हणतोय ते माझ्या ओठांवरून. ते घसा खाकरून म्हणाले, “पंच म्हणून सांगतो, मीसुद्धा ऐकलं. ‘नीट करतो’ असं स्पष्ट शब्दांत म्हणालास तू, भिंगरी.”

भाऊंनी मास्तरांकडे वर पाहिलं. “मास्तर, कानातलं यंत्र तुमच्या खिशात आहे.”

खरं होतं. खुर्च्यांचा आवाज नको म्हणून मास्तर स्पर्धेत ते यंत्र काढून ठेवतात. सगळ्या खोलीत हशा पिकला. मास्तरांना ऐकू आलं नाही, पण भाऊंचं बोट खिशाकडे दिसलं आणि त्यांचे कान लाल झाले. हसू ओसरल्यावर भाऊंनी उंट उचलला. बराच वेळ त्याला कुठे ठेवावं ते बघत राहिले, आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरात ठेवला. माझ्या वजिराची वाट उघडी पडली.

आता माझी पाळी होती. सरळ चाल वजिराची. पण बाजूला एक निरुपद्रवी प्यादं होतं. ते एक घर पुढे सरकवलं असतं, तर भाऊंचा हत्ती अजूनही शह देऊ शकला असता, डाव त्यांचा झाला असता, पट कपाटावर गेला नसता आणि मी वहिनींसमोर मान वर करून उभा राहिलो असतो. कुणाला कळलंही नसतं. मी एरवीही इतपत वाईट खेळतोच. माझा हात प्याद्याकडे गेला. बोट अर्ध्या इंचावर आलं.

का कोण जाणे, मी वर पाहिलं. भाऊ पटाकडे बघतच नव्हते. माझ्या बोटाकडे बघत होते. चेहरा असा, की त्या पेल्याच्या दिवशी मी नीट पाहिलं असतं तर तेव्हाही तोच दिसला असता. ते घाबरलेले होते.

मी हात मागे घेतला आणि वजीर खेळलो.

त्यानंतर भाऊ लढले. सोडतील असं मला वाटलं होतं, पण हत्ती परत आणला, घोडा मधे घातला, एकदा तर मला चांगलाच घाम फोडला. मी पायही हलवला नाही, पाणीही प्यायलो नाही. उंट पडल्यापासून अठरा चाली लागल्या मला. एकोणिसावीला मात होती. ती त्यांना माझ्याआधी दिसली. त्यांनी आपला राजा आडवा केला आणि पटावरून उजवा हात पुढे केला. येताना त्या हाताने दोन प्यादी पाडली.

मी तो हात धरला. तो माझ्या हातातही हलत होता.

“भाऊ,” मी विचारलं, “आता पट कपाटावर?”

“का म्हणून?”

“डाव हाताने गेला ना.”

“हाताने उंट गेला,” ते म्हणाले. “डाव तू घेतलास. अठरा चाली घाम गाळून घेतलास. ते प्यादं सरकवलं असतंस, तर मात्र मी इथून उठलो असतो तो पुन्हा जिना चढलो नसतो.”

मला तो हात सोडवेना.

“सोड आता,” ते म्हणाले. “तू धरून ठेवलास म्हणून तो थांबणार आहे का?”

मी सोडला. भाऊ पटावरच्या सोंगट्या गोळा करायला लागले. मूठभर प्यादी त्यांच्या उजव्या हातात होती, आणि ती खुळखुळ, खुळखुळ वाजायला लागली. आजूबाजूला अजून तीन डाव चालू होते. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सगळे ऐकू न आल्यासारखं करत होते. भाऊंनी मूठ आवळली, तरी ती वाजतच राहिली. त्यांचा चेहरा उतरायला लागला.

मास्तरांनी नुकतंच यंत्र कानात घातलं होतं. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, “भिंगरी! नियम चार!”

भाऊ ताडकन उभे राहिले. चेहरा उजळला होता. “माझा डाव संपलाय, मास्तर!”

“मग बाहेर जाऊन वाजव!”

आणि ते गेले. व्हरांड्यात येरझारा घालणाऱ्या त्यांच्या पावलांचा आणि मुठीतल्या प्याद्यांचा आवाज आत येत होता. थोड्या वेळाने त्यात ती जुनी चालही आली, आणि नेहमीच्याच ठिकाणी तुटली.